दिव्याला फक्त स्टिकरवरचा आकडा कळतो : पिकअपचे टायर आणि २५ टक्क्यांची गोष्ट

आज जरा लांबचा विषय घेतोय, पण सुरुवात माझ्याच लॅबमधल्या फजितीपासून करतो.

आमच्या फर्नेसला नायट्रोजन देणाऱ्या लाइनवर दाबाचा एक अलार्म आहे. दाब ठरावीक आकड्याखाली गेला की तो वाजतो. मध्यंतरी सिलेंडरचा रेग्युलेटर बदलला आणि आम्ही आधीपेक्षा जास्त दाबावर काम करू लागलो. अलार्मचा आकडा मात्र जुनाच राहिला. एका रात्री दाब हळूहळू उतरत गेला. नव्या सेटिंगच्या हिशेबाने तो धोक्याचा होता, जुन्या हिशेबाने ठीक होता, त्यामुळे अलार्म गप्प. सकाळी अकरा दिवसांचे नमुने ऑक्सिडाइझ होऊन काळे पडलेले. चूक माझीच, लॉगबुकात सही माझीच आहे. गाइड सरांनी फार काही ऐकवलं नाही, एकच प्रश्न विचारला : "हा आकडा आला कुठून?"

उत्तर नव्हतं. मग अलार्मचे आकडे कसे ठरतात यावर वाचत गेलो आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या पिकअप ट्रकच्या टायरांपाशी पोचलो. संशोधनात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास एकदा वाचावा असं मला वाटतं. त्यात आकडेवारी आहे, पदार्थविज्ञान आहे, कोर्टकचेरी आहे, आणि माणसं मेलेली आहेत.

आधी एक खुलासा. आपल्याकडे पिकअप म्हटलं की मार्केट यार्डाकडे टोमॅटोचे कॅरेट घेऊन निघालेली गाडी आठवते. अमेरिकेत पिकअप ही घरची गाडी असते. लोक तिच्यातून ऑफिसला जातात, मुलांना शाळेत सोडतात, सुट्टीत मागे बोट जोडून तळ्यावर जातात. फोर्डची एफ-सीरीज १९७७ पासून तिथला सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे. आणि पिकअप घेतली की कंपनीचे टायर काढून मोठे, जाड, खडबडीत नक्षीचे टायर बसवायची हौसही तिथे मोठी. पुढे ही हौसच या गोष्टीत कळीची ठरते.

फोर्डने १९९० मध्ये 'एक्सप्लोरर' नावाची एसयूव्ही बाजारात आणली. तिचा सांगाडा त्यांच्याच 'रेंजर' या छोट्या पिकअपवर बेतलेला होता. टायर फायरस्टोनचे : आधी एटीएक्स, मग वाइल्डरनेस एटी. याच जातीचे टायर रेंजर पिकअपवरही चढत. एक्सप्लोररच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर फोर्डने हवेचा दाब छापला होता २६ पीएसआय. हा आकडा लक्षात ठेवा. दाब कमी ठेवला की गाडी मऊ चालते, शिवाय उंच गाडीच्या स्थिरतेचाही विचार त्यामागे होता. पण कमी हवेच्या टायरची बाजू रस्त्यावर प्रत्येक फेरीला जास्त दबते, जास्त वाकते. प्रत्येक वेळी वाकताना थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन उरते. उन्हाळ्यातला टेक्सास किंवा ॲरिझोना, भरलेली गाडी, तासाला ११० किलोमीटरचा वेग, आणि टायरच्या आत पोलादी तारांचे दोन पट्टे एकमेकांवर बसलेले. पट्ट्याच्या कडेला बारीक चीर सुरू होते, उष्णतेने वाढत जाते, आणि एका क्षणी वरचा पट्टा नक्षीसकट सोलून निघतो. चालकाच्या हातून स्टिअरिंग सुटतं, गाडी उलटते.

हे घडतंय हे आधी कुणाच्या लक्षात आलं? स्टेट फार्म या विमा कंपनीत सॅम्युअल बॉयडन नावाचे विश्लेषक होते. दाव्यांचे कागद चाळताना त्यांना एकाच जातीचा टायर फाटल्याच्या २१ घटना सापडल्या, त्यांतल्या बहुतेक एक्सप्लोररच्या. जुलै १९९८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएचटीएसएला, ईमेल केला. पुढे काही हाललं नाही. इथे लगेच संस्थेला शिव्या घालू नका. तुम्ही त्या खुर्चीत बसलात अशी कल्पना करा. रस्त्यावर असे लाखो टायर आहेत आणि समोर २१ घटना आहेत. हे जास्त आहे की कमी? भागाकार करायचा तर छेदात काय घ्यायचं : एकूण टायर, एकूण गाड्या, की एकूण किलोमीटर? दुसऱ्या कंपनीच्या टायरांचा असाच आकडा हातात नसेल तर २१ या संख्येला अर्थच येत नाही. बॉयडनांकडे मात्र दावे वर्षानुवर्षं पाहून आलेली नजर होती, 'हे नेहमीसारखं नाही' एवढं त्यांना कळत होतं. सरकारी यंत्रणेला तेवढ्यावर हलता आलं नाही, किंवा तिने हलायचा प्रयत्न केला नाही. माझ्या मते निदान उलट प्रश्न विचारणारं एखादं पत्र तरी जायला हवं होतं.

फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या एका टीव्ही वाहिनीने बातमी दाखवली, तक्रारींचा ओघ सुरू झाला, मे महिन्यात अधिकृत चौकशी उघडली गेली. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने वापरात असलेले अंदाजे ६५ लाख टायर परत बोलावले. मृतांचा आकडा वाढत वाढत एकट्या अमेरिकेत अखेर २७१ वर गेला. व्हेनेझुएलात आणि आखाती देशांतही असे अपघात झाले होते, ते वेगळेच.

आता दोष कुणाचा? फायरस्टोन म्हणे, गाडी उलटणारी आहे आणि दाब चुकीचा सांगितलाय, ३० हवा होता. फोर्ड म्हणे, त्याच गाडीवर दुसऱ्या कंपनीचे टायर नीट चालतात, म्हणजे टायरच वाईट. मे २००१ मध्ये फोर्डने आणखी १ कोटी ३० लाख टायर बदलायचं जाहीर केलं, आणि दोन्ही कंपन्यांचा जवळपास शंभर वर्षांचा संबंध तुटला. फायरस्टोनने नेमलेले बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक संजय गोविंदजी यांच्या अहवालात एकच खलनायक सापडत नाही : पट्ट्याच्या कडेची रचना, इलिनॉयमधल्या डिकेटर कारखान्यातली रबराची प्रक्रिया, गाडीवरचा भार, कमी दाब, गरम हवामान, हे सगळं एकत्र येतं. डिकेटरचा धागा पुढे अर्थशास्त्रज्ञांनी उचलला. ॲलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास यांचा २००४ मधला प्रबंध-लेख जरूर वाचा. डिकेटरमध्ये १९९४-९५ मध्ये संप झाला होता आणि बदली कामगार आणले गेले होते. टायर कोणत्या काळात बनला यावरून या दोघांनी तपासलं, तेव्हा सदोष टायरांचं प्रमाण मालक-कामगार तंट्याच्या काळात चढलेलं दिसलं. विशेषतः संपावरून परतलेले आणि बदली कामगार शेजारी शेजारी काम करत होते त्या दिवसांत. गाडी, रस्ता, हवामान सगळं तेच ठेवून फक्त उत्पादनाचा काळ बदलून पाहायचा, ही तुलना मला फार आवडली. रबराच्या रसायनशास्त्रात जे दिसत नव्हतं ते हजेरीपटाच्या अंगाने दिसलं.

राजकारण मात्र अहवालांची वाट पाहत नाही. टायर परत बोलावल्यानंतर ८४ दिवसांत, १ नोव्हेंबर २००० रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी 'ट्रेड ॲक्ट'वर सही केली. त्यातलं एक कलम म्हणतं : टायरमधली हवा बरीच कमी झाली तर चालकाला सावध करणारी यंत्रणा गाडीत हवी, आणि तिचा नियम वर्षाच्या आत करा. एनएचटीएसएने हा विचार १९८१ मध्येही एकदा सुरू केला होता आणि त्याच वर्षी गुंडाळला होता. तंत्रज्ञान अगदीच नवं नव्हतं, १९८६ च्या पोर्श ९५९ मध्ये अशी सोय होती. पण पोर्श वेगळी आणि दरवर्षी विकल्या जाणाऱ्या लाखो गाड्या वेगळ्या.

'बरीच कमी' म्हणजे किती? आणि कशाच्या मानाने कमी? पुढची पाच वर्षं या दोन प्रश्नांत गेली. खरं तर पहिल्यातच गेली, दुसऱ्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

मोजायच्या दोन पद्धती होत्या. थेट पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशी, छोटा सेन्सर असतो; तो दाब मोजून रेडिओने गाडीला कळवतो. बॅटरी आतच सीलबंद. अप्रत्यक्ष पद्धत फुकटात काम करू पाहते. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातोच. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, म्हणून ते चाक बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतं. किंचित म्हणजे एखाद्या टक्क्याच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. ही सगळी मोजणी तुलनेवर उभी आहे. चारही टायर सारखेच उतरले तर तुलना करायला काही उरत नाही आणि यंत्रणा म्हणते 'सगळं ठीक'. हवा तर सहसा अशीच उतरते ना, महिनोन्‌महिने, चारही चाकांत हळूहळू!

तरीही जून २००२ च्या नियमात कंपन्यांना दोन पर्याय मिळाले : चारही टायरांवर लक्ष आणि २५ टक्के घट झाल्यावर इशारा, किंवा फक्त एका टायरमध्ये ३० टक्के घट झाल्यावर इशारा. दुसरा पर्याय अप्रत्यक्ष पद्धतीला सोयीचा होता. त्यामागे व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयातल्या जॉन ग्रॅहम यांचा आग्रह होता. त्यांचा मुद्दा असा : अप्रत्यक्ष पद्धतीला परवानगी दिली तर कंपन्या जास्त गाड्यांत एबीएस बसवतील आणि त्याने जीव वाचतील. युक्तिवाद हुशार आहे, पण नियम हवेबद्दल आणि फायदा ब्रेकचा! ग्राहक संघटना कोर्टात गेल्या. ऑगस्ट २००३ मध्ये न्यायालयाने एका टायरचा पर्याय रद्द केला. कायद्याने इशारा मागितलाय आणि तुमची यंत्रणा एकाच बाजूचे दोन टायर बसले तरी गप्प राहू शकते, हे कायद्यात बसत नाही, असा त्याचा सारांश.

८ एप्रिल २००५ रोजी शेवटचा नियम आला, क्रमांक १३८. चारही टायर, २५ टक्के, २० मिनिटांच्या आत दिवा. एकूण वजनक्षमता १०,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोच्या गाड्यांना लागू. मागे जोडचाकं असलेल्या जड पिकअप वगळलेल्या. अंमलबजावणी पायरीपायरीने : पहिल्या वर्षी २० टक्के गाड्या, मग ७० टक्के, आणि १ सप्टेंबर २००७ पासून सगळ्या.

आता तो दुसरा प्रश्न. २५ टक्के कमी, पण कशापेक्षा? नियम सांगतो : दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा. सोबत एक किमान मर्यादाही आहे, साध्या प्रवासी टायरसाठी २० पीएसआय. दोन्हींतला जो आकडा मोठा तो धरायचा. हे वाचलं तेव्हा मी सहज पेन घेऊन हिशेब केला. ज्या एक्सप्लोररमुळे हा सगळा कायदा झाला, तिच्या स्टिकरवर २६ होता. त्याचे ७५ टक्के साडेएकोणीस. म्हणजे ती गाडी नव्या नियमाखाली आणली असती तर दिवा २० वर लागला असता. भांडण होतं ते २६ पुरेसा की ३० हवा यावर. दिव्याच्या दृष्टीने २६ हा बिनचूक, शंभर टक्के दाब! उलट आजच्या एखाद्या पिकअपच्या स्टिकरवर ३५ असेल तर तिचा दिवा लागायची हद्द २६ च्या जरा वर. एका गाडीचा 'योग्य दाब' तो दुसऱ्या गाडीचा 'धोका'. दिवा टायरला ओळखत नाही, स्टिकरला ओळखतो.

आता हौशी टायरांकडे या. पिकअपवर कारखान्यातून बहुधा प्रवासी वर्गाचे टायर येतात, आकाराच्या आधी 'पी' छापलेले. मालक ते काढून 'एलटी' म्हणजे हलक्या ट्रकच्या वर्गाचे जाड टायर घालतो. दिसायला दणकट, असतातही दणकट. पण त्याच आकाराचा एलटी टायर त्याच दाबावर प्रवासी टायरपेक्षा कमी भार पेलतो; त्याची ताकद जास्त दाबावर खुलते. म्हणून भाराच्या तक्त्यात पाहून दाब वाढवावा लागतो. समजा हिशेबाने ५० पीएसआय आला. त्याचे २५ टक्के कमी म्हणजे साडेसदतीस. खरं तर तिथेच दिवा लागायला हवा. पण गाडीच्या डोक्यात अजून ३५ बसलेला आहे, त्यामुळे ती २६ पर्यंत थांबते. साडेसदतीस ते २६ या पट्ट्यात ओढणीचा ट्रेलर लावून भर उन्हात माणूस चाललाय, टायर आतून तापतोय, दिवा विझलेला आहे. माझा नायट्रोजनचा अलार्म आठवला ना?

उलटही होतं. ज्या जड पिकअपच्या मागच्या टायरांना कारखान्याने ६०-७० सांगितलंय, तिचा मालक रिकामी गाडी मऊ चालावी म्हणून किंवा वाळूत उतरायचं म्हणून हवा काढतो. दिवा लागतो आणि लागूनच राहतो. महिनाभर लागलेला दिवा कुणी बघत नाही.

एनएचटीएसएला बदलीच्या टायरांचा विचार सुचला नव्हता असं नाही. सुरुवातीला त्यांचा कल असा होता की कंपनीने सुचवलेल्या सगळ्या बदली आकारांवर यंत्रणा चालायला हवी. २००५ मध्ये ते सोडून दिलं. काही थोड्या टायरांची बांधणीच अशी की रेडिओ संदेश अडतो, आणि बाजारातल्या प्रत्येक टायरची हमी गाडीवाल्या कंपनीने कशी द्यायची? त्याऐवजी बिघाडाचा इशारा सक्तीचा केला : यंत्रणा चालत नसेल तर दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकेल आणि मग लागून राहील. शिवाय गाडीच्या पुस्तिकेत सूचना, की टायर किंवा रिम बदलली तर हा दिवा जरूर पाहा. तडजोड म्हणून ती वाईट नाही. पण नीट बघा, लुकलुकणारा दिवा 'सेन्सर बोलत नाही' एवढंच सांगतो. सेन्सर व्यवस्थित बोलतोय आणि तुलनेचा आकडाच शिळा झालाय, ही अवस्था त्या दिव्याला दिसूच शकत नाही. दुसऱ्या प्रकारची चूक ही खरी धोक्याची, कारण तिला आवाज नाही.

नव्या रिम घेतल्या आणि सेन्सरचे पैसे वाचवले की दिवा लुकलुकतो. त्यावर हौशी मंडळींनी काढलेला उपाय ऐका. प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपचा एक तुकडा घ्यायचा, चारही जुने सेन्सर त्यात घालायचे, दोन्ही तोंडं बंद करून ३५ पर्यंत हवा भरायची आणि पाइप सीटखाली ठेवून द्यायचा. दिवा गप्प! गाडी आयुष्यभर सीटखालच्या पाइपची हवा मोजत राहते. अमेरिकन कायदा दुकानदाराला सुरक्षा यंत्रणा जाणूनबुजून निकामी करू देत नाही. मालकाने स्वतःच्या गाडीत स्वतःच्या हाताने काय करावं यावर मात्र ते कलम लागू नाही. एनएचटीएसएने २०११ मध्ये टायर व्यावसायिकांच्या संघटनेला पत्र लिहून हे स्पष्ट केलं, सोबत असंही की गिऱ्हाईक आलं तेव्हाच सेन्सर मेलेला असेल तर त्याचा दोष दुकानदाराकडे नाही.

थंडीचाही एक हिशेब करून ठेवा, मुलाखतीत विचारतात. ३० अंश सेल्सियसला ३५ पीएसआय भरला. मिनेसोटात पहाटे उणे २० झालं. बरेच जण थेट ३५ ला २५३ भागिले ३०३ ने गुणतात, चुकतात. गेजवरचा दाब वातावरणाच्या वरचा असतो, म्हणून आधी १४.७ मिळवा : ४९.७. त्याला गुणलं की ४१.५, त्यातून १४.७ वजा केले की २६.८. थेंबभर हवा गळलेली नसताना गाडी दिव्याच्या उंबरठ्यावर. तिथली पहिली थंडी पडली की टायरवाल्यांकडे रांग का लागते ते यावरून कळेल.

हे सगळं असूनही यंत्रणा कामाची ठरली का? हो, ठरली. एनएचटीएसएने २०१२ मध्ये मूल्यमापन प्रसिद्ध केलं. नियम पायरीपायरीने लागू झाल्यामुळे जवळपास एकाच वयाच्या, यंत्रणा असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही गाड्या रस्त्यावर होत्या. तुलनेला याहून चांगली संधी मिळत नाही. यंत्रणा असलेल्या गाड्यांत एखादा तरी टायर २५ टक्क्यांहून जास्त उतरलेला असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्क्यांनी कमी निघाली. मोठा परिणाम आहे, मी त्याला कमी लेखत नाही. फक्त 'उतरलेला' हे तिथेही स्टिकरच्या आकड्यावरूनच ठरवलेलं होतं. ५० हवा असताना ३४ वर चाललेला एलटी टायर अशा मोजणीत 'ठीक'च्या रकान्यात जातो. उपकरण आणि त्याची परीक्षा दोघांनीही एकच फूटपट्टी वापरली, तर फूटपट्टीतली चूक दोघांनाही दिसत नाही.

माझ्या तिसऱ्या प्रकरणात अगदी हेच झालंय. ड्रिफ्ट मोजायला वापरलेला संदर्भ-सेन्सर आणि चाचणीचा सेन्सर, दोघांचं कॅलिब्रेशन एकाच गेजवर केलेलं आहे. सध्या तो तक्ता दुसऱ्या विभागातून उसना आणलेल्या गेजवर पुन्हा करतोय. चौदापैकी पाच वाचनं झालीत. त्यांतली दोन जुळत नाहीयेत.